चंद्रहासरावांची ठासणीची बंदूक

माझे जावई चंद्रहासराव कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उजेडाकडे धरतात. पापडसुद्धा. आमच्या घरी कौमुदीला पाहायला आले तेव्हा चहा पिता पिता त्यांचं लक्ष मुलीपेक्षा दाराच्या बिजागरीकडे जास्त होतं. दुसऱ्यांदा आले ते खिशात तेलाची छोटी बाटली घेऊनच. माझे यजमान तेव्हा होते. ते मला आत येऊन म्हणाले, "हा माणूस पोरीला उपाशी ठेवणार नाही, पण भांडी मात्र दोनदा घासून घेईल."

भांड्यांवरून त्यांचं कधी वाजलं नाही. पण वस्तू तपासणं हाच त्यांचा जन्मभराचा धंदा झाला. ते मूळचे सांगलीचे. आधी भोसरीत नोकरी, मग आयर्लंड. एनिसजवळच्या एका कारखान्यात हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या अगदी बारीक नळ्या बनतात. तिथे त्या भिंगाखाली धरून पास किंवा नापास ठरवणं हे त्यांचं काम. केसभर ओरखडा दिसला की नळी बाद. "ही कुणाच्या तरी बापाच्या काळजात जाणार आहे," असं ते म्हणायचे.

मग कारखान्यात कॅमेरे आले. नळ्या आता कॅमेरा बघतो आणि चंद्रहासराव कॅमेऱ्याचा पडदा बघतात. पगार तोच राहिला, पण हातात काही उरलं नाही. संध्याकाळी घरी येऊन ते रिकामी बोटं एकमेकांवर घासत बसत. मी यजमानांच्या पश्चात इथे राहायला आले त्याला काही वर्षं झाली होती, पण त्यांना असं गप्प बसलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास कारखान्याच्या भांडारात काम करणाऱ्या मार्टी हेहिरने त्यांना आपल्या नेमबाजीच्या क्लबात नेलं. परत आले ते वेगळेच होऊन.

"आई, ठासणीची बंदूक असते ना, पुढून दारू आणि गोळी भरायची, तिचा संच मिळतो. नळी तयार असते, बाकी सगळं आपण घडवायचं. लाकूड तासायचं, पितळ घासायचं, लोखंडाला रंग चढवायचा."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग उडवायची."

"कुणावर?"

"कागदावर गं, आई!" कौमुदी स्वयंपाकघरातून म्हणाली. "हा चतुर्थीला अंडंसुद्धा खात नाही, हा कुणाला मारणार आहे?"

मी हसले नाही. मला कुणी मरेल याची भीती नव्हती. मला भीती होती ती बंदूक घडवणाऱ्याची. बाजारातल्या बंदुकीमागे कारखाना असतो, तपासणारे असतात. ही तर आमच्या गॅरेजमध्ये, इस्त्रीच्या टेबलाशेजारी तयार होणार होती. आणि उडवताना तिच्या मागे ज्याचा गाल टेकणार होता तो माझ्या मुलीचा नवरा होता.

परवान्याला बरेच महिने लागले. एक गार्ड, म्हणजे इथला पोलीस, घरी येऊन लोखंडी कपाट कुठे बसवणार ते बघून गेला. कपाट जिन्याखालच्या प्रेसमध्ये भिंतीला ठोकलं. इथे कपाटाच्या कोनाड्याला प्रेस म्हणतात, आणि आमच्या घरातल्या त्या प्रेसच्या पलीकडे नेमकी माझी खोली आहे. कपाट बसलं त्या दिवसापासून मी उशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला नेली. गॉलवेला शिकणारी माझी नात स्वानंदी फोनवर म्हणाली, "आजी, इट्स ग्रँड, इट्स नॉट इव्हन लोडेड." मला ते ठाऊक होतं. उशी तरी मी परत फिरवली नाही.

संच आला तो लांबट खोक्यात, बंदुकीच्या परवानाधारक दुकानदाराकडून. अक्रोडाचा ओबडधोबड दस्ता, आठ कोनांची जड नळी, आणि कागदात गुंडाळलेले पितळेचे तुकडे. चंद्रहासरावांनी नळी खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ आत बघत राहिले. मग ती माझ्यापुढे केली. मी घाबरत घाबरत डोळा लावला. आत चकचकीत बोगदा, आणि त्याच्या अंगावरून वळत वळत लांब गेलेल्या खाचा. सुंदर होतं ते, पण डोळा लावायची जागा ती नव्हे, एवढंच माझ्या मनात येत होतं.

महिनाभर ते गॅरेजमध्ये लाकूड तासत होते. नळीचं मागचं टोक दस्त्यात अगदी घट्ट बसावं लागतं. त्यासाठी लोखंडाला काळं फासायचं, लाकडात दाबायचं, आणि जिथे काळा डाग उमटेल तेवढंच खरवडायचं. त्यांचं काळं एकदा संपलं. रविवार होता, दुकानं बंद.

"आई, तुम्हाला काजळ धरता येतं ना?"

मी तुपाच्या निरांजनावर तांब्याची ताटली उपडी धरून काजळ काढून दिलं. ते त्यांना इतकं आवडलं की विकतचं काळं त्यांनी परत आणलंच नाही. आणि माझी गॅरेजमध्ये ये-जा सुरू झाली.

"इथे फट राहिली तर काय होईल?" मी विचारलं.

"धक्क्याने दस्ता चिरेल."

"आणि दस्ता चिरला तर?"

त्यांनी खांदे उडवले. तेवढं मला पुरलं. त्यानंतर मी चष्मा लावून त्यांच्या शेजारी स्टुलावर बसू लागले. "तिथे अजून काळं आहे," "तो कोपरा राहिला," असं सांगू लागले. कौमुदीला वाटलं आईला छंद लागला. मी मात्र प्रत्येक काळा डाग भीतीने शोधत होते.

नळीला तपकिरी रंग चढवायचा म्हणजे तिला मुद्दाम गंजवायचं, पुसायचं, पुन्हा गंजवायचं. त्याला ओलावा लागतो, म्हणून त्यांनी ती न्हाणीघरात शॉवरच्या दांडीला टांगली. मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी दिवा लावला तर समोर लोंबणारी बंदुकीची नळी. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या बाईंनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

"ओरडायला काय झालं?" कौमुदी म्हणाली.

"काही नाही. तुझा नवरा वाळत घातलाय असं वाटलं."

शेवटी दस्त्याला जवसाचं तेल चोळून चोळून जिरवलं. अक्रोडातल्या रेषा मधासारख्या उमटल्या. बंदूक तयार झाली. खरोखर देखणी होती.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी ते ती मार्टीकडे घेऊन गेले. मार्टीने तिचं अंग नि अंग तपासलं. या बंदुकीला घोड्याखाली एक पोकळ खुंटी असते. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवतात. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी खुंटीतून आतल्या दारूपर्यंत जाते. मार्टीने दारू न भरता नुसती टोपी उडवून पाहिली. नळीच्या तोंडासमोरचं गवत हललं. म्हणजे वाट मोकळी होती. "ग्रँड," मार्टी म्हणाला. मग पाऊस वाढला, तेव्हा पहिली गोळी पुढच्या शनिवारी उडवायचं ठरलं. चंद्रहासरावांनी घरी येऊन बंदुकीच्या पिशवीला कारखान्यातलं हिरवं लेबल चिकटवलं.

"तपासलेली वस्तू पुन्हा तपासायची नाही," ते मला म्हणाले. "लेबलनंतर कुणी हात लावला, तरच पुन्हा तपासायची. नाहीतर त्या लेबलाला अर्थ काय?"

मधल्या आठवड्यात खंडेनवमी आली. दर वर्षी आम्ही त्या दिवशी कौमुदीचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि चंद्रहासरावांचं मोजमापाचं यंत्र पाटावर मांडून पूजा करतो. या वर्षी बंदूक आली. पाटावर मावेना, म्हणून त्यांनी ती देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात उभी केली, तोंड वर. कौमुदीने तिला गंध, फूल वाहिलं. अक्षता तिने नेहमीप्रमाणे कुंकवात ओलसर करून ठेवल्या होत्या. आम्ही तिघांनी त्या वाहिल्या. चंद्रहासराव इतके खुशीत होते की त्यांनी हात उंच करून, मंगलाष्टकं चालल्यासारख्या टाकल्या. काही दाणे दस्त्यावर चिकटले, काही जमिनीवर पडले. नंतर त्यांनी बंदूक बाहेरून पुसून कपाटात ठेवली.

पूजा म्हणजे हात लावणं, असं त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

शनिवारी मी बरोबर जाणार म्हटल्यावर कौमुदी चिडली.

"आई, तू कशाला? थंडी आहे, चिखल आहे."

"घरी बसून आवाजाची वाट बघण्यापेक्षा तिथे बरं."

"घरापर्यंत आवाज येणार आहे का?"

"नाही ना. म्हणून तर."

क्लबची जागा डोंगरातल्या जुन्या खाणीत होती. तिन्ही बाजूंनी खडक, समोर मातीचा उंच बांध, त्यापुढे कागदाचं निशाण. बारीक भुरभुर चालू होती. मार्टी ठेंगणा, लाल गालांचा माणूस. त्याने माझ्या लोकरीच्या टोपीवर कान झाकायचं यंत्र चढवलं आणि खुणेने विचारलं, बरं आहे? बरं नव्हतं. त्यातून माणसाचं बोलणं ऐकू येत होतं, फक्त विहिरीतून आल्यासारखं. आम्हा दोघींना त्याने लाकडी कठड्यामागे उभं केलं.

चंद्रहासरावांनी आधी रिकाम्या नळीत ठासणीचा गज सोडला. हा नियमच आहे. गजावर त्यांनी आखलेली बारीक कडी असते. नळी रिकामी असेल तर ती कडी बरोबर तोंडाशी येते. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी अंगठा कडीवर ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. गज जरासा वर काढून पुन्हा सोडला.

घरी पापड उजेडाकडे धरताना त्यांचा चेहरा जसा होतो तसा झाला होता. मग तो निवळला, आणि त्यांनी गज बाहेर काढला.

मला ओरडावंसं वाटलं, काय पाहिलंत? पण मी कठड्यामागची म्हातारी. मार्टी पलीकडे निशाणाचा कागद ताणत होता. तो परत आला, त्याने मोजून दारू दिली. तेलात भिजवलेल्या चिंधीत गोळी ठेवून चंद्रहासरावांनी ती गजाने खाली ठासली. बंदूक खांद्याला लावली. टोपी बसवली. गाल दस्त्याला टेकला.

मी कौमुदीचा दंड धरला.

टक्.

फक्त टक्. एखाद्याने डबी बंद करावी तसं.

"कुणी हलू नका," मार्टी म्हणाला. "चंद्रा, नळी समोर ठेव. थांब."

ते थांबले. सगळेच थांबलो. पावसाचे थेंब नळीवरून ओघळताना दिसत होते. आत दारू भरलेली, वर गोळी, आणि ठिणगी कुठपर्यंत पोचली ते कुणालाच माहीत नाही. अशा वेळी कधी कधी उशिरा बार होतो, म्हणून वाट पाहायची असते, हे मार्टीने कौमुदीला दबक्या आवाजात सांगितलं. मी ते ऐकलं आणि कौमुदीला कठड्यामागे आणखी आत ओढलं.

काही झालं नाही. खूप वेळाने मार्टीने दुसरी टोपी लावायला सांगितली.

टक्. आणि मग फुस्स असा बारीक आवाज, ओल्या फटाक्यासारखा. मग काही नाही.

चंद्रहासरावांचं डोकं दस्त्यावरून उचललं गेलं. मी तो क्षण पाहिला. त्यांची मान घोड्याकडे वळली, खुंटीकडे. वस्तूत काही बिघडलं की हा माणूस ती डोळ्यांजवळ आणतो. आयुष्यभर हेच केलेलं. बंदूक उजेडाकडे झुकू लागली. नळीचं तोंड निशाणावरून सरकलं, बांधाच्या कडेकडे, आमच्या बाजूला.

"चंद्रहास!"

तो आवाज माझा होता. त्यांचं लग्न झाल्यापासून मी त्यांना राव लावल्याशिवाय कधी हाक मारली नाही. ते दचकून जिथल्या तिथे थिजले, नळी अजून बांधावर होती तेवढ्यात.

आणि बार झाला.

खाण गरजली. पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि त्यात चंद्रहासराव दिसेनासे झाले. कौमुदी कठडा ओलांडून धावली. मार्टी ओरडत होता, थांबा, थांबा. मला काही करता आलं नाही. मी दोन्ही हातांनी कठडा धरून त्या धुराकडे बघत राहिले. तो ओल्या हवेत हलत नव्हता. त्याच्यामागे माणूस कसा असेल, उभा असेल की पडलेला, चेहरा असेल की नाही, तेवढ्या वेळात सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. सुचत होतं ते फक्त मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलेलं एक इंग्रजी स्तोत्र, आणि तेही अर्धंच.

धूर सरकला. ते उभे होते. बंदूक हातात होती, समोर धरलेली. गालावर काजळी. बाकी काही नाही. गोळी बांधाच्या कडेच्या मातीत घुसली होती, निशाणापासून बरीच दूर.

मार्टीने त्यांच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि मेजावर ठेवली. खुंटी फिरवून काढली, आत एक बारीक तार घातली. तारेच्या टोकाला काहीतरी चिकटून आलं. त्याने ते तळहातावर घेतलं. जळून काळं झालेलं, एका टोकाला गुलाबी.

"हे काय आहे?"

आम्ही तिघं वाकून बघत होतो. कौमुदीच्या आधी लक्षात आलं.

"तांदूळ," ती म्हणाली.

"तांदूळ?"

"आम्ही हिची पूजा केली होती. वरून टाकले."

मार्टी आळीपाळीने तिघांकडे बघत राहिला. "तुम्ही हिचं लग्न लावलंत की काय? आमच्याकडे नवरीवर टाकतात. पण नवरीला भरून उडवत नाहीत."

कौमुदी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मार्टी तिला फ्लास्कमधला चहा द्यायला घेऊन गेला. मी आणि चंद्रहासराव मेजापाशी उरलो.

"मला दिसलं होतं, आई," ते म्हणाले.

"काय?"

"कडी. जराशी वर होती. कारखान्यात त्याच्या निम्म्या फरकाला मी माल परत पाठवतो." ते बोटं घासत होते. "वाटलं, कडी आखताना माझाच हात चुकला असेल. बंदूक पास झालेली आहे ना. स्वतः केलेली वस्तू नापास करायला… नाही झालं."

मला त्यांना रागवायचं होतं. मी म्हटलं, "घरी चला आता."

"जाऊ. पण एकदा हिची नळी धुतो. अशी ठेवता येणार नाही."

मार्टीने किटलीत पाणी गरम करून आणलं. त्यांनी नळी धुतली, चिंध्या घालून घालून पुसली. मार्टीने रिकाम्या नळीवर टोपी उडवून पाहिली. गवत हललं. मार्टी म्हणाला, "चंद्रा, आज उडवली नाहीस तर पुन्हा कधी उडवणार नाहीस. माझ्या ओळखीचे असे बरेच जण आहेत. बंदूक भिंतीवर लावतात आणि तिच्याकडे पाठ करून जेवतात."

मी मनात म्हटलं, छान, तशीच लावू. पण चंद्रहासराव माझ्याकडे बघत होते. त्यांनी नळीत गज सोडला आणि बाजूला झाले.

"आई, तुम्ही बघा. कडी तोंडाशी आहे का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला भीती वाटते. मला वाटेनाशी झालीये, म्हणून दिसूनही मी सोडून दिलं. तुम्ही बघा."

मी चष्मा पुसला. पावसाने पुन्हा भिजला, पुन्हा पुसला. नळीच्या तोंडाशी डोळे नेताना मान मागे ओढली जात होती. रिकामी आहे हे समजत असूनही. कडीच्या खाली गजाचं लाकूड दिसत होतं, नखाच्या कडेएवढं.

"वर आहे," मी म्हटलं.

"कितीशी?"

"कितीशी का असेना. वर आहे."

मार्टीने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि शीळ घातली. चंद्रहासरावांनी नळीचं तोंड खाली केलं, पुन्हा पाणी ओतलं, तळाशी खरवडायची आकडी घातली. बऱ्याच खटाटोपाने फुगलेला एक दाणा बाहेर आला, कोपऱ्यात अडकून बसलेला. तो त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि टाकून दिला. नळी पुसली. गज सोडला.

मी पुन्हा वाकले. या वेळी कडी तोंडाच्या काठाशी अशी टेकली होती की मध्ये कागद गेला नसता. तरी मी दुसऱ्या बाजूने जाऊन पाहिलं. मार्टी थंडीने पाय आपटत होता.

"आई?" चंद्रहासरावांनी विचारलं.

मी नाही म्हटलं असतं तर ते घरी आले असते. तो नकार माझ्या ओठांवर होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

कौमुदी गाडीत जाऊन बसली, तिला बघवेना. मी कठड्यामागे गेले. त्यांनी दारू भरली, गोळी ठासली, टोपी बसवायला दोनदा लागलं. मग गाल टेकला आणि ते स्थिर झाले. मी डोळे मिटले नाहीत. निशाणाकडेही पाहिलं नाही. ज्या जागेबद्दल मी बरोबर आहे म्हणून सांगितलं होतं, त्या घोड्याखालच्या जागेकडे बघत राहिले.

बार लगेच झाला. धूर आला. त्यातून आधी डावा हात दिसला, नळीखाली धरलेला. मग उजवा. मग चेहरा, काळा आणि ओला.

मार्टी निशाणाकडे चालत गेला आणि तिथून काहीतरी ओरडला. मला ऐकू आलं नाही, कानांवरचं यंत्र मी काढलं नव्हतं. चंद्रहासरावही बंदूक ठेवून तिकडे गेले. ते दोघं परत येईपर्यंत मी हात शालीखाली घेऊन तशीच उभी राहिले.